जानेवारीत लेह: जॅकेटचं नंतर बघू, आधी पाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून तिघं, म्हणजे तुम्ही, पत्नी आणि ६३ वर्षांच्या आई, २६ जानेवारीच्या सुट्टीला धरून सात दिवस लेहला जाणार. त्यात एक रात्र पँगाँग तलावाकाठी. तिघांनाही सह्याद्रीची सवय आहे, आईंना बऱ्यापैकी चालायची सवय आहे पण कपडे म्हणजे साडी. माणशी दहा हजारांत उणे २० ला टिकेल असं कोणतं जॅकेट घ्यावं?

जॅकेटचं उत्तर देतो, पण तुमची खरी अडचण जॅकेटची नाही. जानेवारीत लेहला जाऊन गारठलेली माणसं बहुतेक वेळा अंगात उत्तम जॅकेट घालूनच गारठलेली असतात. त्यांचे पाय बधिर झालेले असतात, मांड्या बर्फ झालेल्या असतात किंवा रात्री खोलीत झोप लागलेली नसते. दुकानात गेलं की सगळा पैसा छाती आणि पाठीवर खर्च होतो, आणि गारवा शिरतो तो खालून.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुम्ही फक्त लेहमध्ये राहणार की पँगाँगला मुक्काम करणार, यानं यादी बदलते. हॉटेल कसं गरम करतात, यानं बदलते. आईंना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा काही त्रास आहे का, यानं तर सगळा बेतच बदलू शकतो. आणि एकाच गाडीत बसलेल्या दोन निरोगी माणसांना थंडी सारखी वाजत नाही. पुण्याच्या डिसेंबरमध्ये ज्याचे हातपाय गार पडतात त्यानं माझ्या सांगण्याच्या एक पायरी वर तयारी करावी.

आता तिथलं हवामान. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. जानेवारीत दुपारी पारा शून्याच्या जरा खाली-वर असतो, रात्री उणे १५ च्या आसपास, आणि थंडीची लाट असली तर उणे २० च्याही खाली. पँगाँग सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, उघड्यावर. तिथे रात्री उणे २५ धरूनच चला. पण नुसता पारा बघू नका. उणे १५ ला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २६ सारखं लागतं. उलट वारा पडलेला आणि ऊन असेल तर त्याच दुपारी लेहच्या बाजारात जॅकेटची चेन उघडून फिरता येतं. उन्हातून भिंतीच्या सावलीत पाऊल टाकलं की फरक लगेच कळतो. म्हणून एकच जाडजूड कपडा तिथे निरुपयोगी ठरतो. दिवसातून दहा वेळा काढ-घाल करता यायला हवी.

सह्याद्रीच्या सवयीबद्दल एक सावधगिरी. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईला पहाटे जी थंडी वाजते ती दमट असते, आणि तुम्ही चढत असता. चढणारं शरीर स्वतःच भट्टी असतं. ट्रेकर म्हणूनच सांगतात की हलके थर घाला, निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. तो सल्ला चालणाऱ्यासाठी बरोबर आहे. तुम्ही लेहला चालणार नाही आहात, बसणार आहात. गाडीत पाच तास, गोंप्याच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, थंडगार सभामंडपात अर्धा तास, तलावाकाठी फोटोसाठी उभं वीस मिनिटं. बसलेलं शरीर चालणाऱ्या शरीराच्या मानानं फारच कमी उष्णता तयार करतं. म्हणून ट्रेकची यादी जशीच्या तशी नेऊ नका. तुम्हाला ऊब जास्त लागेल, विशेषतः कमरेखाली.

तरी घामाचा नियम दोघांनाही लागू आहे. कपडा ऊब निर्माण करत नाही, तो फक्त हवा अडकवून ठेवतो. कपडा ओला झाला की हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. लेहच्या शांती स्तूपाच्या पायऱ्या जॅकेट घालून चढलात, आतून भिजलात आणि वर वाऱ्यात उभे राहिलात, की महागडं जॅकेट असूनही दात वाजतील. म्हणून चढ असेल तिथे आधी जॅकेट काढायचं, मग चढायचं, आणि थांबल्याबरोबर, थंडी वाजायच्या आधी, पुन्हा घालायचं. याच कारणानं अंगाला लागून सुती काही नको. गंजीफ्रॉक नको, सुती मोजे नकोत, सुती लेगिंग नको. आपल्याकडे थर्मलच्या आत बनियन घालायची सवय आहे. तीच घामानं ओली होऊन दिवसभर अंगाला चिकटून राहते.

वरच्या अंगासाठी चार थर पुरतात. पहिला अंगाला घट्ट बसणारा थर्मल, मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेऊनही ओलसर लागत नाही आणि तिला वासही कमी येतो, म्हणून परवडत असेल तर निदान आईंसाठी एक मेरिनोचा घ्या. दुसरा थर फ्लीसचा. घरातला चांगला लोकरी स्वेटरही चालतो. हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडचे बहुतेक स्वेटर ॲक्रिलिकचे असतात; मधल्या थराला तेही वाईट नाहीत, फक्त त्यांतून वारा आरपार जातो हे लक्षात ठेवा. तिसरा पिसांचा किंवा सिंथेटिक भरावाचा फुगीर थर. चौथा वारा अडवणारा पातळ कोट. तिसऱ्याचं बाहेरचं कापड वारा अडवत असेल तर हा वगळला तरी चालतो.

आता जॅकेट. ‘उणे २०’ असं लेबल बघून घेऊ नका. स्लीपिंग बॅगना तापमान ठरवायची आयएसओ २३५३७ ही प्रमाणित चाचणी आहे, त्यात आरामाचं आणि किमान मर्यादेचं तापमान वेगवेगळं दिलेलं असतं. जॅकेटवर छापलेला आकडा मात्र बहुधा कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो, आणि तो चालणाऱ्या माणसाचा आहे की उभ्या, हे कुठेही लिहिलेलं नसतं. त्याऐवजी चार गोष्टी बघा. लांबी कुल्ल्यांच्या खालपर्यंत. जॅकेटलाच जोडलेली टोपी, जी कानटोपीवरून बसते. पिसांचं असेल तर फिल पॉवर, म्हणजे पीस किती फुगतं याचा आकडा, ६०० किंवा जास्त. आणि माप: दुकानात थर्मल व फ्लीस घालूनच जा, वर जॅकेट चढवा, दोन्ही हात वर करा, उकिडवे बसा. पाठ उघडी पडली किंवा काखेत आवळलं तर एक माप मोठं घ्या, कारण दाबलं गेलेलं पीस म्हणजे हवा नाही आणि हवा नाही म्हणजे ऊब नाही. लडाखची थंडी कोरडी आहे, त्यामुळे पिसांचं जॅकेट तिथे छान चालतं. सात दिवसांसाठी नवं घ्यायलाच हवं असं नाही. ओळखीत कोणाकडे असेल तर मागून न्या. लेहच्या बाजारात चादर ट्रेकच्या, म्हणजे गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायच्या ट्रेकच्या, हंगामामुळे भाड्यानंही मिळतात, पण पहिले दोन दिवस तुम्ही बाजारात जाणार नाही आहात. का ते पुढे येईल.

कमरेखाली पुरुषांची तयारी बहुधा जीन्स आणि आत थर्मल इतकीच असते. जीन्स म्हणजे जाड सुती कापड. थंडीत ती कडक होते आणि मांडीला गारेगार टेकते. थर्मल, त्यावर फ्लीसची पँट, त्यावर वारा अडवणारी ढगळ पँट, असे तीन थर. गाडीत बसून राहायच्या दिवशी तिन्ही, लेहमध्ये फिरताना दोन.

आईंसाठी सरळ सांगतो: बाहेर पडताना साडी नको. घोट्यापाशी साडी उघडी असते, वारा खालून थेट मांड्यांपर्यंत जातो. काठ बर्फात भिजतो आणि मग कडक होतो. शिवाय ठिकसे, हेमिससारख्या गोंप्यांच्या पायऱ्या उंच असतात, सावलीत त्यांवर बर्फाची काच झालेली असते. तिथे निऱ्या पायात येणं म्हणजे सरळ हाड मोडणं. सैलसर सलवार-कमीज चालेल, आत थर्मल आणि फ्लीसची लेगिंग, वर लांब जॅकेट. लडाखी बायका अंगभर लोकरी गोंचा घालतात आणि कमरेला स्केरग नावाचा पट्टा आवळून बांधतात. त्यातलं तत्त्व हेच: ऊब घोट्यापर्यंत न्यायची आणि कमरेपाशी हवेची ये-जा बंद करायची. साडी नेसायचीच असेल तर गरम खोलीत नेसावी.

आणि एक गोष्ट जी यादीत कधीच नसते. जोडवी काढून ठेवायला सांगा. उंचीवर हातापायांना थोडी सूज येते. जाड मोज्यात, बुटात आवळलेलं जोडवं बोटाचा रक्तपुरवठाच अडवतं, आणि बोट आधीच गार असतं. अंगठ्यांचंही तेच. घट्ट अंगठी असेल तर पुण्यातच साबण लावून काढा. तिथे सुजलेल्या बोटातून निघत नाही.

आता पाय. दहा हजारांतले चार हजार मी पायांवर टाकेन. पायांत स्नायू कमी, हृदयापासून सगळ्यांत लांब, आणि ते सतत गोठलेल्या जमिनीला किंवा गाडीच्या पत्र्याला टेकलेले असतात. शरीराला थंडी वाजली की ते सर्वांत आधी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं, मधला भाग वाचवण्यासाठी. म्हणून पाय गार पडले की आधी डोकं आणि धड झाका, मग मोज्यांकडे वळा. धड उबदार असेल तरच पायांना रक्त मिळतं.

बुटाचा तळ जाड हवा. सह्याद्रीत कातळावर घट्ट धरणारे पातळ रबरी तळाचे बूट इथे दोन्हीकडून फसतात: गारवा आरपार येतो आणि रबर थंडीत कडक होऊन पकड सुटते. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात, आणि तिथे घालायचे तेच मोजे घालून माप घ्या. बुटाची नाडी बांधल्यावर आत सगळी बोटं हलवता आली पाहिजेत आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. लोक इथे हमखास चुकतात ती गोष्ट म्हणजे थंडी वाजते म्हणून तिसरा मोजा चढवणं. बूट आवळतो, रक्त अडतं आणि पाय आधीपेक्षा जास्त गार होतात. एक पातळ सिंथेटिक मोजा, त्यावर एक जाड लोकरी मोजा, बस. त्यापेक्षा बुटात लोकरीच्या फेल्टचा जादा तळवा घाला. ऊब जाते ती खालून, आणि तळवा नेमका तिथेच काम करतो. हा तळवा बसेल हे धरूनच बुटाचं माप घ्या.

माणशी चार जोड जाड मोजे लागतात: दोन दिवसाचे आळीपाळीनं, एक जास्तीचा नेहमी बॅगेत, आणि एक फक्त झोपायचा. झोपायचा जोड दिवसा पायात घालायचा नाही, अगदी मोह झाला तरी. पाय दिवसभरात घामेजतातच. दुपारी जेवायला थांबाल तिथे मोजे बदला. हा पाच मिनिटांचा उद्योग उरलेली दुपार वाचवतो. रात्री बुटातले तळवे बाहेर काढून वाळवा. बुखारीजवळ, म्हणजे खोलीतल्या लोखंडी भट्टीजवळ ठेवा, बुखारीवर नव्हे. बुटाचा गोंद वितळतो.

बोटांसाठी रासायनिक गरम पुड्या मिळतात. त्यांत लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजननं गंजताना उष्णता देते. त्यामुळे दोन गोष्टी होतात: घट्ट बुटात हवा नसल्यानं त्या अर्धवट चालतात, आणि उंचीवर हवा विरळ असल्यानं खालच्या मानानं थोड्या मंद पडतात. बूट घालायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पाकीट उघडा, मोज्याच्या वरून लावा, कातडीला थेट कधीच नाही. पाय बधिर असेल तर भाजलेलं कळत नाही.

हातांना पातळ आतला मोजा आणि त्यावर जाड, चार बोटं एकत्र राहतील असा मिटन. पाच बोटांचा ग्लोव्ह कितीही जाड असो, मिटन जास्त ऊब देतो, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. फोटो काढताना मिटन काढायचा, पातळ मोजा नाही. मिटनला लहान मुलांच्या मिटनसारखी दोरी बांधून घ्या. हसू नका, पँगाँगच्या वाटेवरच्या चांग ला खिंडीत वाऱ्यानं उडालेला मिटन परत मिळत नाही.

डोकं: कानटोपी, आणि मफलरऐवजी गळ्यात घालायची फ्लीसची नळी, जी नाकापर्यंत ओढता येते. मफलर सुटतो. नाकावर ओढलेली नळी श्वासानं ओली होते, म्हणून प्रत्येकी दोन. चष्मा असेल तर शक्यतो प्लास्टिकची फ्रेम. धातूची दांडी कानशिलाला टोचते. आणि गॉगल सक्तीचा. उंचीवर दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. बर्फानं येणारं तात्पुरतं अंधत्व दिवसभरानंतर, संध्याकाळी जाणवतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. थंडी आहे म्हणून ऊन लागत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा. ओठांना, नाकाच्या आत व्हॅसलीन. खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका, ती पुण्याच्या हिवाळ्यातच घट्ट होते, तिथे दगड होईल. तिळाचं तेल न्या.

प्रवासाचा दिवस लोक विसरतात. जानेवारीत मनालीचा रस्ता बंद असतो आणि श्रीनगरकडच्या झोजिला खिंडीचा भरवसा नसतो, म्हणजे तुम्ही विमानानंच जाणार, बहुधा दिल्लीमार्गे. पुण्याहून हलके कपडे घालून निघा, पण जॅकेट, टोपी, मिटन, जाड मोजे, थर्मल आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग उशिरा येऊ शकते, आणि लेहला विमानातून उतरल्याबरोबर तुम्ही थेट उघड्या धावपट्टीवर असता. थर्मल दिल्लीच्या विमानतळावर चढवा. पुण्यातच चढवलेत तर घामानं भिजून लेहला पोचाल, आणि मग वर सांगितलेलं सगळं वाया.

पुढचा भाग थंडीचा वाटत नाही, पण आहे. दीड तासात तुम्ही दिल्लीहून थेट साडेतीन हजार मीटरवर जाता, जिथे समुद्रसपाटीच्या जेमतेम दोनतृतीयांश ऑक्सिजन मिळतो. पहिले ४८ तास हॉटेल सोडायचं नाही. मोठी बॅग स्वतः उचलायची नाही. उंचीनं मळमळलं की खाणं बंद होतं, खाणं बंद झालं की शरीराची भट्टी विझते, आणि मग कितीही पांघरलं तरी हुडहुडी जात नाही. विरळ हवेचा त्रास आणि थंडी एकमेकींना अशा पोसतात. डायमॉक्स, म्हणजे ॲसेटाझोलामाइड, प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून देतात. पण डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगून. या गोळीनं बोटांना मुंग्या येतात. ते थंडीचं लक्षण समजून घाबरू नका. आणि उलटंही, बोटं पांढरी पडली असतील तर ‘गोळीमुळे असेल’ म्हणून सोडूही नका. मुंग्यांपेक्षा रंग बघा.

आईंच्या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलताना तीन प्रश्न विचारा. रक्तदाबाची गोळी बीटा ब्लॉकर गटातली आहे का, कारण त्यांनी हातपाय आधीच गार पडतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली आहे का, कारण मग पाय गोठतोय हे त्यांना कळणारच नाही आणि दर दोन तासांनी मोजा काढून तुम्ही बघायला हवं. आणि इन्सुलिन असेल तर ते गोठू न देता कसं न्यायचं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. ते अंगाजवळच्या खिशात ठेवा, रात्री पांघरुणात.

आता रात्र. खोली गरम करायचे तीन प्रकार भेटतील: मध्यवर्ती हीटिंग, जे मोजक्या हॉटेलांत असतं, बुखारी, म्हणजे लाकूड, कोळसा किंवा केरोसिनवर चालणारी, धुराडं छतातून बाहेर गेलेली लोखंडी भट्टी, आणि गॅसचा हीटर. शेवटच्या दोघांना झोपताना बंद करा. हा नियम मोडायचा नाही. बंद खोलीत अर्धवट जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. आणि त्याची लक्षणं, डोकेदुखी, मळमळ, सुस्ती, नेमकी उंचीच्या त्रासासारखीच असतात. म्हणून खोलीतल्या तिघांचंही डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर ते उंचीवर ढकलू नका. दार-खिडकी उघडा आणि बाहेर पडा. कोळशाची उघडी शेगडी तर कोणी प्रेमानं आणून दिली तरी खोलीत घ्यायची नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म छोटा असतो. जॅकेटमधून पैसे वाचले तर हा घ्या.

झोपण्याच्या पंधरा मिनिटं आधी गरम पाण्याची रबरी पिशवी पांघरुणात पायांशी ठेवा. नंतर ती मांड्यांच्या मधे घ्या, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. दिवसभराचा थर्मल काढून कोरडा घाला, तो वरून कितीही कोरडा वाटला तरी. टोपी घालून झोपा. तोंड रजईत खुपसून श्वास घेऊ नका. पहाटेपर्यंत रजई ओलसर होते. लघवीला जाऊनच झोपा, आणि रात्री लागली तर लगेच उठा. थंडीत आणि उंचीवर लघवी जास्त होते, आणि आवरून धरली की झोप जाते, ऊब काही वाचत नाही. सकाळचे कपडे रजईखाली ठेवा.

अंघोळीबद्दल. जानेवारीत पाइप फुटू नयेत म्हणून अनेक हॉटेलं नळ रिकामे करून ठेवतात आणि बादलीभर गरम पाणी आणून देतात. रोज अंघोळीशिवाय चैन पडत नाही हे मान्य, पण पहिले दोन दिवस ओल्या टॉवेलनं अंग पुसण्यावर भागवा, आणि केस धुणं शेवटच्या दिवसासाठी किंवा थेट पुण्यासाठी ठेवा. ओल्या केसांनी लेहच्या खोलीत बसणं हा ताप ओढवून घ्यायचा खात्रीचा मार्ग नसेल, पण ऊब घालवण्याचा नक्की आहे.

खाणं सोपं आहे. झोपण्यापूर्वी तूप, तेल, दाणे असं काही; पचताना शरीर गरम राहतं. तुम्ही संक्रांतीनंतर लगेच निघताय, तेव्हा तिळगुळाच्या वड्या आणि डिंकाचे लाडू भरपूर न्या. चॉकलेट आणि चिक्की उणे १५ ला दात पाडतील अशी कडक होतात, लाडू त्या मानानं चावता येतो. तिथलं थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, आणि मिठाचा लोणीवाला गुरगुर चहा दोन्ही घ्या. चहा पहिल्या घोटाला आवडेलच असं नाही, पण त्यात पाणी, मीठ आणि चरबी तिन्ही आहेत. पाणी दिवसाला तीन लिटरच्या आसपास, कोमट. थर्मास प्रत्येकी एक. साधी बाटली नेणार असाल तर ती बॅगेत उलटी ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, मग तो बुडाशी धरतो आणि झाकण उघडतं. आणि रमचा घोट: त्यानं गरम वाटतं कारण कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, म्हणजे ऊब आतून बाहेर जायला लागते. बाहेर जायच्या आधी तर मुळीच नाही.

पँगाँगच्या दिवशी गाडीत एका बाजूनं दीडशे किलोमीटर, पाचेक तास, मधे ५,३०० मीटरच्या वरची चांग ला. हीटर सुरू झाला की वीस मिनिटांत जॅकेट काढा, नाहीतर खाली उतरताना घामेजलेले असाल. पायांखाली कॅरीमॅटचा, म्हणजे फोमच्या चटईचा, तुकडा टाका, गाडीचा पत्रा फार गार असतो. त्याच तुकड्याचा अजून एक उपयोग: गोंप्याच्या दगडी अंगणात उत्सव बघायला बसताना बूड त्यावर. गाडी बर्फात अडकून थांबली आणि इंजिन चालू ठेवलंत तर मागचा धुराचा पाइप बर्फानं बुजलेला नाही ना बघा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा. कारण वरचंच, कार्बन मोनॉक्साइड.

धोक्याची खूण ओळखायला शिका. नाकाचा शेंडा, कान, बोटं पांढरट-पिवळी, मेणासारखी झाली आणि दुखायचं थांबलं, तर तो हिमदंशाचा आरंभ आहे. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नव्हे, उलट. चोळायचं नाही, बर्फ लावायचा नाही, बुखारीजवळ धरायचं नाही. नुकतंच झालं असेल तर बोटं स्वतःच्या काखेत, पाय दुसऱ्याच्या पोटावर. कातडी कडक झाली असेल तर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास, आणि तेसुद्धा पुन्हा गोठायची शक्यता नसेल तेव्हाच. नाहीतर कोरडं झाकून थेट लेहला सोनम नोर्बू रुग्णालयात. आणि कोणी अडखळायला लागलं, बोबडं बोलू लागलं, विनाकारण चिडचिड करू लागलं किंवा थडथडणं अचानक थांबलं, तर शरीराचं तापमान घसरतंय. अशा वेळी ‘थोडा आराम करू दे’ नको. कोरडे कपडे, पांघरूण, शुद्धीवर असेल तर गोड गरम पाणी, आणि खालच्या उंचीवर न्या.

या सगळ्यानंतर माझं मत: आईंना पँगाँगच्या मुक्कामाला नेऊ नका. चांग लावर हवा समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येते आणि तलावाकाठची रात्र तरुणांनाही जड जाते. तुम्ही दोघं सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, तेसुद्धा पाचव्या-सहाव्या दिवशी, आणि आईंना त्या दिवशी लेहच्या गरम खोलीत विश्रांती घेऊ द्या. त्याआधी तिघांनी मिळून शाम भागात जा: निमूजवळचा सिंधू-झंस्कार संगम, लिकिर, अल्ची. अल्ची लेहपेक्षाही खाली, ३,१०० मीटरच्या आसपास आहे, रस्ता सोपा, आणि तिथली भित्तिचित्रं बघायला हिवाळ्यात रांग नसते.

फोन आणि कॅमेऱ्याचं राहिलं. बॅटऱ्या आतल्या खिशात. थंडीत बॅटरी ४० टक्के दाखवता दाखवता बंद पडते, पण गरम झाली की परत चालते. ती मेलेली नसते. गोठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, शून्याखाली चार्ज केल्यानं लिथियमची बॅटरी कायमची खराब होते. बाहेरून गरम खोलीत येताना कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि तासभर तसाच राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

आज लगेच करायचं काम एकच. हॉटेलला आगाऊ पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: खोली कशानं गरम करता, रात्री किती वाजेपर्यंत, वीज गेली तर काय, संडास खोलीला जोडून आहे का आणि त्यात पाणी वाहतं की बादलीनं येतं, आणि खोली कोणत्या मजल्यावर. दक्षिणेकडे मोठी खिडकी असलेली खोली मिळत असेल तर तीच मागा, त्यासाठी थोडे जास्त पैसे लागले तरी द्या. दिवसभर ऊन खाल्लेल्या खोलीची भिंत संध्याकाळी सात-आठपर्यंत थंडी रोखून धरते, आणि त्या वेळात आईंचं जेवण, औषध आणि पांघरूण सगळं उरकतं.